एम.ए. मानसशास्त्रानंतर पीएच.डी. की क्लिनिकल प्रशिक्षण? नागपूरच्या विद्यार्थ्यांसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: नागपूर विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए. झाले, गुण साठ टक्क्यांच्या आसपास, पुढे रुग्णांसोबत काम करायची इच्छा. घरच्यांचे म्हणणे, इथेच पीएच.डी. कर, नावापुढे डॉक्टर लागेल, मग क्लिनिक काढता येईल. हा बेत बरोबर आहे का? आणि क्लिनिकल घ्यावे की समुपदेशन?

नुसत्या पीएच.डी.वर क्लिनिक काढायचे मनात असेल, तर हा बेत बदला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करण्याचा अधिकार भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण करून मिळतो. त्या अभ्यासक्रमाचा गाभा म्हणजे देखरेखीखाली केलेले रुग्णकाम. पीएच.डी. कितीही चांगली झाली तरी ती याची जागा घेत नाही. दोन्ही हवे असेल तर आधी क्लिनिकल प्रशिक्षण घ्या आणि मग पीएच.डी. करा.

कायद्याची बाजू आधी पाहू. आरसीआय कायदा १९९२ चा. परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत ज्या व्यावसायिकांची नोंद होते त्यांत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. नोंदणी नसताना असा व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद कलम १३ मध्ये आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ने क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्याच केली आहे: आरसीआयमान्य संस्थेतली क्लिनिकल सायकॉलॉजीची मान्य पात्रता, किंवा मानसशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीनंतर क्लिनिकल सायकॉलॉजी अथवा मेडिकल अँड सोशल सायकॉलॉजीतले दोन वर्षांचे पूर्णवेळ, आरसीआयमान्य एम.फिल., ज्यात देखरेखीखालचे क्लिनिकल प्रशिक्षण आहे. मेडिकल अँड सोशल सायकॉलॉजी हे जुने नाव बंगळुरूच्या संस्थेत, म्हणजे आजच्या निम्हान्समध्ये, पन्नासच्या दशकात सुरू झालेल्या पदविकेपासून चालत आले आहे. या व्याख्येत पीएच.डी.चा उल्लेख नाही.

आता एम.फिल.चे काय झाले ते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांनी ही पदवी सगळ्या विषयांत बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना मात्र २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुभा मिळाली. आरसीआयच्या चौकटीतली डॉक्टरेट म्हणजे सायडी (Psy.D., डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी). तिचा भर रुग्णसेवेवर असतो. कुठल्याही संस्थेचे माहितीपत्रक हातात आले की आरसीआयच्या संकेतस्थळावरची मान्य संस्थांची यादी उघडा आणि तीन गोष्टी जुळवून पाहा: संस्थेचे नाव, अभ्यासक्रमाचे नेमके नाव, आणि मान्यता कोणत्या सत्रापासून कोणत्या सत्रापर्यंत आहे. एकाच विद्यापीठाच्या एका महाविद्यालयाला मान्यता असते, दुसऱ्याला नसते. ‘मान्यतेसाठी अर्ज केला आहे’ या उत्तरावर फी भरू नका. मान्यता पुढे मिळाली तरी तुमच्या तुकडीची नोंदणी अडकू शकते.

हा गोंधळ होतो तो बऱ्याच अंशी इंटरनेटवरच्या अमेरिकन सल्ल्यामुळे. तिथे डॉक्टरेट हीच क्लिनिकल पात्रता आहे. लायटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिले मानसशास्त्रीय क्लिनिक सुरू केले. १९४९ च्या बोल्डर परिषदेत असे ठरले की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट संशोधकही असावा आणि उपचारकही. त्यातून तिथली पीएच.डी. घडली. १९६८ साली इलिनॉय विद्यापीठाने पहिला सायडी सुरू केला आणि १९७३ च्या व्हेल परिषदेने उपचारकेंद्री प्रशिक्षणाला मान्यता दिली. या दोन्ही पदव्यांत विद्यार्थी वर्षानुवर्षे रुग्ण पाहतो आणि शेवटी एक वर्षाची पूर्णवेळ इंटर्नशिप करतो. ब्रिटनमधली क्लिनिकल डॉक्टरेट तीन वर्षांची आहे, आणि त्या काळात विद्यार्थी तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत पगारावर काम करतो. आपल्याकडची पीएच.डी. यूजीसीच्या नियमांनी चालते. किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क, संशोधन, थिसिस आणि व्हायवा. एकही रुग्ण न पाहता ती पूर्ण होऊ शकते. त्यामुळे ‘पीएच.डी. केली की प्रॅक्टिस’ हे तिकडचे वाक्य इथे लागू पडत नाही.

क्लिनिकल प्रशिक्षणात नेमके काय शिकायचे असते, हे कळले की संस्था पारखता येते. पहिले तीन-चार महिने केस हिस्टरी आणि मानसिक स्थिती परीक्षण. एका नव्या रुग्णाला दीड ते दोन तास द्यावे लागतात. रुग्णाशी वेगळे बोलायचे, नातेवाइकाशी वेगळे, मग दोन्ही माहिती ताडून पाहायची. इथे हमखास होणारी चूक म्हणजे रुग्णाने सांगितलेल्या तक्रारीला लगेच निदानाचे नाव देणे. ‘झोप येत नाही, जीव घाबरतो, कामात मन लागत नाही’ हे नैराश्यात येते, चिंताविकारात येते, दारू अचानक सोडल्यावर येते आणि थायरॉइडच्या आजारातही येते. लक्षण कधी सुरू झाले, कोणत्या क्रमाने वाढले आणि त्या काळात आयुष्यात काय चालले होते, एवढे नीट लिहिता आले की निम्मे निदान होते.

मग चाचण्या. बुद्धिमापन, व्यक्तिमत्त्व, प्रक्षेपण चाचण्या, मेंदूच्या कार्याच्या चाचण्या. नागपूरच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट अभिमानाने लक्षात ठेवावी. मुलाची रोजच्या व्यवहारातली स्वावलंबनाची क्षमता मोजणाऱ्या व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनीची देशभर वापरली जाणारी भारतीय आवृत्ती ‘नागपूर आवृत्ती’ म्हणून ओळखली जाते. ए. जे. मॅलिन यांनी ती इथल्या चाइल्ड गायडन्स सेंटरमध्ये तयार केली. भारतीय मुलांसाठीची मॅलिन बुद्धिमत्ता मापनी, जिला सगळे मिसिक म्हणतात, तीही त्यांचीच. मात्र या चाचण्यांची मानके कित्येक दशकांपूर्वीची आहेत. जुन्या मानकांवर आजच्या मुलाचा बुद्ध्यंक काढला तर तो प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसण्याची शक्यता असते, कारण पिढीगणिक लोकसंख्येची सरासरी वर सरकत जाते. म्हणून अहवालात नुसता आकडा लिहून चालत नाही. शाळेतली कामगिरी, रोजच्या व्यवहारातली क्षमता आणि चाचणी देतानाचे वर्तन या तिन्हींची नोंद त्याच्या शेजारी हवी.

चाचण्यांच्याच बाबतीत प्रशिक्षण बिघडण्याचा एक नेहमीचा प्रकार आहे. सरकारी रुग्णालयांत दिव्यांग प्रमाणपत्रासाठी बुद्धिमापनाची रांग असते आणि हे काम प्रशिक्षणार्थींवर येते. पहिले काही आठवडे त्याने हात बसतो. पण वर्षभर रोज सकाळी तेच काम केले, तर दोन वर्षांच्या शेवटी विद्यार्थी चाचणी झपाट्याने घेतो आणि उपचाराच्या पाचव्या सत्रात काय करायचे ते त्याला कळत नाही. प्रवेशापूर्वी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना थेट विचारा: गेल्या महिन्यात चाचण्या किती घेतल्या आणि उपचाराची सत्रे किती घेतली? चाचण्यांचा आकडा सत्रांच्या कितीतरी पट असेल, तर सावध व्हा.

रुग्ण कोणत्या प्रकारचे मिळतात, हेही पाहा. आपल्या शहरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. राज्यात अशी चारच: ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. तिथे तीव्र आणि दीर्घकाळचे मनोविकार दिसतात: स्किझोफ्रेनिया, बायपोलर, वर्षानुवर्षे वॉर्डात राहिलेले, घरी नेण्यासाठी कोणी न आलेले लोक. मेडिकल आणि मेयो या शहरातल्या दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या ओपीडीत चिंता, नैराश्य, दारू, फिट्स समजून पाठवलेले कन्व्हर्जनचे (मानसिक ताण शारीरिक लक्षणांतून दिसणारे) रुग्ण, विष घेतल्यावर मेडिसिन वॉर्डातून पाठवलेले तरुण शेतकरी. मिहानमध्ये एम्स आहे. वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगीची वैद्यकीय महाविद्यालये आहेत. ही नावे रुग्णसंख्या आणि रुग्णप्रकार कळावेत म्हणून दिली आहेत. त्यांपैकी कुठे कोणता अभ्यासक्रम मान्य आहे, ते आरसीआयच्या यादीतच पाहा. चांगल्या प्रशिक्षणात किमान चार प्रकारचे काम फिरून करायला मिळते: तीव्र मनोविकार, ओपीडीतले सामान्य मनोविकार, मुले, आणि मेंदूविकार. एकाच वॉर्डात दोन वर्षे गेली, तर त्या वॉर्डाबाहेरचा रुग्ण आला की हात थिजतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचे: सुपरव्हिजन, म्हणजे तुमच्या रुग्णकामावर अनुभवी तज्ज्ञाची देखरेख. माझ्या मते संस्थेची इमारत, नाव, फी यांपेक्षा हा एक निकष वजनदार आहे. उपचाराच्या दर चार-पाच तासांमागे किमान एक तास वैयक्तिक सुपरव्हिजन हवे, तेही ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या ‘केस कशी चालली आहे’ ‘बरी आहे सर’ एवढे झाले की लॉगबुकात सही होते. ते सुपरव्हिजन मानू नका. खऱ्या सुपरव्हिजनमध्ये सुपरव्हायझर प्रत्यक्ष सत्र ऐकतो. रुग्णाची लेखी संमती घेऊन ध्वनिमुद्रण करायचे, त्यातली दहा-पंधरा मिनिटे शब्दशः उतरवायची आणि ते कागद घेऊन बसायचे. आठवणीतून सांगितलेले सत्र आणि ऐकलेले सत्र यांत फार अंतर असते. विद्यार्थी सांगतो, ‘मी रुग्णाला विचार तपासायला मदत केली.’ ध्वनिमुद्रणात ऐकू येते की त्याने सलग सहा मिनिटे उपदेश केला आणि रुग्ण ‘हो सर, हो सर’ म्हणत राहिला. आपल्याकडे हे विशेष घडते. रुग्ण उपचारकाला मान देतो, विरोध करत नाही, आणि पुढच्या वेळी येतच नाही. असे गळालेले रुग्ण सुपरव्हिजनमध्ये मांडलेच पाहिजेत. विद्यार्थी नेमके तेच टाळतात आणि बरे झालेले घेऊन येतात.

ध्वनिमुद्रण फोनमध्ये तसेच ठेवू नका. पासवर्ड असलेल्या एकाच जागी ठेवा, फाइलला रुग्णाचे नाव देऊ नका, आणि चर्चा झाली की पुसून टाका. २०१७ च्या कायद्याचे कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते. व्हॉट्सअॅपच्या बॅच ग्रुपवर केस टाकून ‘डायग्नोसिस काय वाटते’ विचारणे हा त्या हक्काचा भंग आहे, नाव खोडले असले तरी, कारण तालुका, वय, व्यवसाय आणि घटना एवढ्यावरून गावात माणूस ओळखू येतो.

गोपनीयतेला मर्यादा कुठे आहेत, हेही पहिल्याच महिन्यात शिका. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणे बंधनकारक आहे. उपचारक त्याला अपवाद नाही. म्हणून पहिल्या सत्रात गोपनीयतेबद्दल बोलताना ही मर्यादाही सांगायची. मुलीने विश्वासाने सगळे सांगून झाल्यावर ‘आता मला कळवावे लागेल’ म्हटले, तर ती पुन्हा तोंड उघडत नाही.

पीएच.डी.कडे वळू. ती करू नका, असे माझे म्हणणे मुळीच नाही. विदर्भातल्या मनोविकारांवर, इथल्या भाषेत आणि इथल्या लोकांवर झालेल्या नेटक्या संशोधनाची फार गरज आहे. प्रवेशासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात. राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना पाच टक्के सवलत. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरता येतात: ७० टक्के भार नेटच्या गुणांना, ३० टक्के मुलाखतीला. मुदत किमान तीन वर्षे, कमाल सहा. पुनर्नोंदणीने आणखी दोन. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षांची सवलत, शिवाय स्त्रियांना मातृत्व व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगीकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वीच गाइडकडे जागा रिकामी आहे का, हे विचारून घ्या.

विषय ठरवताना गणित मांडा. समजा, एका उपचारपद्धतीची तुलना नेहमीच्या उपचाराशी करायची आहे आणि मध्यम आकाराचा परिणाम (कोहेनच्या d मापाने ०.५) अपेक्षित आहे. नेहमीच्या ५ टक्के सार्थकता पातळीवर आणि ८० टक्के संख्याशास्त्रीय शक्तीने (परिणाम खरा असेल तर तो दिसण्याची शक्यता) तो पकडायला प्रत्येक गटात ६४ माणसे लागतात. वीस टक्के गळती धरली तर ८०. आठ सत्रांचा उपचार ८० जणांना द्यायचा म्हणजे ६४० सत्रे. आठवड्याला आठ सत्रे घेतली तर ८० आठवडे, तेही कोणी सत्र न चुकवता. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे सुरुवातीला सादर करायच्या संशोधन आराखड्यात, हे गणित न मांडणारे विद्यार्थी तिसऱ्या वर्षी २२ रुग्णांवर अडकतात आणि मग आकडेवारी ओढूनताणून बसवतात. एवढे काम झेपणार नसेल तर सत्रे सहावर आणा, किंवा मोजक्या रुग्णांवरची एक-रुग्ण प्रयोगरचना घ्या, जिच्यात प्रत्येक रुग्णाची स्वतःशीच अनेक वेळा तुलना होते. ती नीट केली तर भक्कम असते. शेतीचे वेळापत्रकही धरा. जून-जुलैत पेरणी आणि दिवाळीनंतर कापसाची वेचणी असताना काटोल-सावनेरकडचा रुग्ण दर आठवड्याला शहरात येणार नाही. त्या काळात फोनवरचे सत्र चालेल की नाही, हे आधीच आराखड्यात लिहा; मध्येच बदललेली पद्धत परीक्षक बरोबर पकडतात. आणि उपचाराआधी-नंतरचे मापन उपचार देणाऱ्याने करू नये. कोणता रुग्ण कोणत्या गटात आहे हे माहीत नसलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावे.

परवानग्यांसाठी वेळ राखून ठेवा. मेडिकल आणि मेयो वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतात, मनोरुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाखाली. दोन्हीकडून रुग्ण घ्यायचे असतील तर कागद दोन वेगळ्या शिड्यांनी चढतो. नैतिकता समितीची मंजुरी माहिती गोळा करण्याआधीच हवी. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे नीट वाचून अर्ज करा. मनोरुग्णांवरच्या संशोधनाला २०१७ च्या कायद्याचे कलम ९९ लागू होते: नुसती मुलाखत घ्यायची असली तरी मुक्त आणि समजून दिलेली संमती लागते, आणि रुग्ण संमती देण्याच्या स्थितीत नसेल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी. मनोरुग्णालयातल्या वॉर्डात अधीक्षकांची सही आणली म्हणजे झाले, असे समजू नका.

प्रश्नावल्यांत दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले, हक्क. बेकची नैराश्य मापनी विकत घ्यावी लागते. झेरॉक्स काढून वापरली तर शोधनिबंध परत येतो. पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मोफत आहे. दुसरे, पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचाराबद्दल आहे. महाविद्यालयात तीनशे मुलांना प्रश्नावली वाटली, गठ्ठा घरी आणला आणि महिन्याने तपासला, तर त्यातल्या एखाद्या मुलाने ‘जवळजवळ रोज’ यावर खूण केलेली असू शकते. निनावी प्रश्नावली असेल तर त्याला शोधणारही कसे? म्हणून हा प्रश्न असलेली प्रश्नावली घ्यायची तर संमतिपत्रात कोड क्रमांक ठेवा, उत्तरे त्याच दिवशी तपासा, आणि खूण दिसली की त्याच दिवशी त्या मुलाशी कोण बोलणार, कोणाकडे पाठवणार, हे आधीच लिहून ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक सहभागीच्या हातातल्या कागदावर छापा. हे जमणार नसेल तर ती प्रश्नावली वापरू नका.

प्रश्नावलीचे मराठी भाषांतर केवळ उलटभाषांतराने (मराठीतून पुन्हा इंग्रजीत करून मूळाशी ताडण्याने) सिद्ध होत नाही. आठ-दहा सामान्य माणसांसमोर प्रत्येक वाक्य वाचा आणि ‘तुम्हाला यातून काय समजले?’ विचारा. गोंदिया-भंडाऱ्याकडची दोन-तीन माणसे त्यात असू द्या. विद्यापीठाच्या आवारातले मराठी त्यांच्या घरातल्या बोलीपेक्षा बरेच लांबचे असते.

पैशांबद्दल थोडक्यात. नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली तर महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ (वरिष्ठ अधिछात्रवृत्ती) ४२,०००. राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या प्रवर्गांतल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. महाज्योतीचे मुख्यालय नागपुरातच आहे.

समुपदेशनाची वाट वेगळी आहे. जीवनातल्या अडचणी, करिअर, नातेसंबंध, शाळा-महाविद्यालयातले प्रश्न हे तिचे क्षेत्र. आरसीआयच्या नोंदणीत समुपदेशन मानसशास्त्रज्ञ असा स्वतंत्र वर्ग नाही. क्लिनिकल वगळता इतर मानसशास्त्रज्ञांना २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यातल्या अनुसूचीत स्थान दिले आहे. शाळेत, महाविद्यालयात, संस्थेत काम करायचे असेल तर ही वाट चांगली आहे, आणि तिच्यात पीएच.डी. उपयोगी पडते. फक्त दारावरची पाटी प्रामाणिक हवी. पीएच.डी. झाल्यावर ‘डॉ.’ लिहिण्याचा तुम्हाला हक्क आहे, पण त्याखाली ‘समुपदेशक, पीएच.डी. मानसशास्त्र’ असे स्पष्ट लिहा, नाहीतर रुग्ण ‘डॉ.’ पाहून गोळ्या मागतो आणि गोळ्यांची गरज असलेला रुग्ण चुकीच्या दारात महिनोन्महिने बसतो. मनोविकारतज्ज्ञाकडे कधी पाठवायचे, याची यादी टेबलाच्या काचेखाली ठेवा: भास, संशय, न झोपता उत्साहात राहणे, खाणे-पिणे बंद होणे, आत्महत्येची योजना, वयाच्या चाळिशीनंतर अचानक बदललेला स्वभाव, बाळंतपणानंतरचा गोंधळ.

तुमच्यासाठी माझा सल्ला: या वर्षी नेटची तयारी आणि आरसीआयमान्य क्लिनिकल अभ्यासक्रमांचे अर्ज सोबत चालू ठेवा. दोन्ही अभ्यासांत मनोविकृतीशास्त्र, संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती बऱ्याच अंशी सारख्याच आहेत. अर्ज केवळ नागपूर परिसरापुरते ठेवू नका. जागा मोजक्या असतात, कारण प्रत्येक सुपरव्हायझरमागे किती विद्यार्थी घ्यायचे हे बांधलेले असते, आणि ते बंधन योग्यच आहे. घरच्यांना बाहेरगावची काळजी वाटत असेल तर त्यांना वसतिगृहाची माहिती आणि आरसीआयची यादी दोन्ही दाखवा. मुलाखतीला जाल तेव्हा पॅनेलला विचारा: आठवड्याला सुपरव्हिजनचे तास किती, ध्वनिमुद्रण ऐकले जाते का, मुलांचा आणि मेंदूविकारांचा विभाग कुठे, गेल्या तुकडीतले किती जण वेळेत नोंदणीकृत झाले. उत्तर लिहून घ्या आणि त्याच दिवशी तिथल्या दोन विद्यार्थ्यांना हेच प्रश्न वेगवेगळे विचारा.